हरणटोळ : एका वृक्षवासी सर्पाचा निसर्गेतिहास

कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर करवंदीच्या किंवा घाणेरीच्या जाळीत पोपटी रंगाचा, बोटाएवढ्या जाडीचा आणि वेलीसारखा लांबलचक असा एक सर्प पुष्कळांनी पाहिलेला असतो. त्यास हरणटोळ म्हणतात; काही भागांत सर्पटोळ हेही नाव रूढ आहे. लांबट डोके, पुढे अणकुचीदार होत गेलेले मुस्कट आणि पोटाच्या दोन्ही कडांनी गेलेली पिवळसर किंवा पांढरी रेषा एवढ्या खुणांवरून त्याची ओळख पटते. तो ओळखण्यास सोपा असल्यामुळेच की काय, त्याच्याविषयी जाणून घेण्यासारखे फारसे काही उरलेले नाही असा समज सामान्य लोकांत तर होताच. पण अभ्यासकांतही तो दीर्घकाळ टिकून राहिला. गेल्या काही वर्षांतील संशोधनाने हा समज ढळला आहे. एका नावाखाली आपण ज्याच्या नोंदी करीत आलो तो एक सर्प नसून निकटसंबंधी अशा अनेक जातींचा समूह आहे, हे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासाने दाखवून दिले. साहजिकच, शंभर-सव्वाशे वर्षांत साठलेली निरीक्षणे नेमकी कोणत्या जातीच्या नावावर मांडावयाची, हा प्रश्न पुढे उभा राहिला आहे. प्रस्तुत लेखात या सर्पाची शरीररचना व जीवनक्रम यांचा परामर्श घेऊन अखेरीस त्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

नाव आणि प्रवाद

हरणटोळाच्या वंशाचे शास्त्रीय नाव अहेटुल्ला असे आहे. हे नाव लॅटिन वा ग्रीक नसून सिंहली भाषेतून घेतलेले आहे आणि त्याचा अर्थ 'डोळा टिपणारा' असा सांगतात. तमिळ भाषेत या सर्पास 'कण्कोत्ति पाम्बु', म्हणजे 'डोळ्यावर चोच मारणारा साप' म्हणतात. आपल्याकडे हरणटोळ झाडावरून माणसाच्या डोक्यावर झडप घालून टाळू फोडतो अशी समजूत आहे. तीन भाषांतील या तीन समजुतींत एक समान सूत्र आढळते. हा सर्प माणसाच्या चेहऱ्यावर किंवा मस्तकावर हल्ला करतो, असा आरोप त्याच्यावर सर्वत्र केला गेला आहे.

या आरोपास कोणताही शास्त्रीय आधार नाही. तथापि तो कसा निर्माण झाला असावा, याचा उलगडा या सर्पाच्या राहणीवरून होतो. बहुतेक सर्प जमिनीवर असल्यामुळे त्यांचा दंश पायाला होतो. हरणटोळ मात्र झुडपांत व झाडांच्या खालच्या फांद्यांवर, म्हणजे चालणाऱ्या माणसाच्या छातीच्या व डोक्याच्या उंचीवर वावरतो. पळून जाण्याऐवजी निश्चल राहून दृष्टीस न पडणे हा त्याचा बचावाचा पहिला मार्ग आहे. त्यामुळे माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही. अशा वेळी डिवचला गेला तर तो शरीराचा पुढचा भाग फुगवितो, तोंड उघडतो आणि जे जवळ असेल त्याच्यावर झेप घेतो. झाडीत वाकून पाहणाऱ्याचे जे सर्वांत जवळ असते ते त्याचे तोंडच होय. शरीर फुगल्यावर खवले एकमेकांपासून दूर होतात आणि त्यांच्यामधल्या त्वचेवरील काळी-पांढरी नक्षी एकाएकी प्रकट होते. क्षणापूर्वीपर्यंत हिरवी काडी वाटलेली वस्तू असे रूप धारण करते तेव्हा पाहणारा दचकावा, यात नवल नाही.

मात्र तमिळ भाषेने या सर्पाविषयी आणखी एक गोष्ट टिपून ठेवली आहे. 'कण्कोत्ति पाम्बासारखे पाहणे' हा त्या भाषेतील वाक्प्रचार डोळ्यांत तेल घालून पाहण्याच्या अर्थी योजिला जातो. लोकांनी या सर्पावर ठेवलेला आरोप खोटा असला, तरी त्याचे वैशिष्ट्य डोळ्यांशी निगडित आहे हे त्यांचे निरीक्षण अचूक होते. त्याच्या शरीररचनेचा विचार करताना याचा प्रत्यय येईल.

वृक्षजीवनास अनुरूप शरीर

झाडावर राहणाऱ्या सर्पापुढील मुख्य अडचण आधाराची असते. जमिनीवरील सर्पास आपल्या लांबीभर टेकू मिळतो. वृक्षवासी सर्पास एका फांदीवरून दुसरीवर जाताना शरीराचा बराच भाग अधांतरी पेलून धरावा लागतो. एका टोकाशी पक्क्या बसविलेल्या तुळईसारखी ही स्थिती आहे. अशी तुळई कमीत कमी वजनात जास्तीत जास्त ताठ राहावयाची असेल, तर तिची उंची रुंदीपेक्षा अधिक असावी लागते. हरणटोळाचे शरीर दोन्ही बाजूंनी चपटे झालेले असते ते याच कारणाने. शेपूट शरीराच्या मानाने फार लांब असते आणि फांदीला वेढा देऊन सर्पाचा मागील भाग स्थिर ठेवण्याचे काम करते. वृक्षवासी सर्पांत कण्यालगतच्या स्नायूंच्या कंडरा लांबलेल्या असतात. त्यामुळे एका ठिकाणी उत्पन्न झालेला ताण पुष्कळ मणक्यांवर वाटला जातो.

दुसरी अडचण रक्ताभिसरणाची आहे. सर्प उभा चढू लागला की गुरुत्वाकर्षणामुळे रक्त शेपटीकडे साचू लागते आणि मेंदूस होणारा पुरवठा घटण्याचा संभव असतो. हार्वे लिलीव्हाइट या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने विविध अधिवासांतील सर्पांची तुलना करून असे दाखविले, की पाण्यातील सर्पांच्या तुलनेने वृक्षवासी सर्पांचे हृदय डोक्याच्या बरेच जवळ असते. शिवाय त्यांचे शरीर सडपातळ व त्वचा घट्ट बसलेली असल्यामुळे मागील भागात रक्त साचण्यास फारसा वाव राहत नाही. समुद्रसर्पास पाण्याचा दाब बाहेरून आधार देत असल्यामुळे त्यास या व्यवस्थेची गरज पडत नाही. हरणटोळाची कृश शरीरयष्टी केवळ वेलीची नक्कल करण्यासाठी आहे असे म्हणणे अपुरे ठरते. ती उभ्या चढणीच्या जीवनाचीही गरज आहे.

रंगाविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. सर्पांच्या त्वचेतील हिरवा रंग हा बहुधा एकच रंगद्रव्य नसतो. त्वचेतील वरच्या थरात पिवळे रंगद्रव्य असते आणि त्याखालील पेशींतील सूक्ष्म स्फटिक निळा प्रकाश परावर्तित करतात. या दोहोंच्या संयोगाने आपल्याला हिरवा रंग दिसतो. मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्यातील पिवळे द्रव्य विरघळून जाते आणि कालांतराने तो नमुना निळसर दिसू लागतो. संग्रहालयातील काचपात्रात निळा किंवा करडा पडलेला हरणटोळ पाहून विद्यार्थी गोंधळतात, त्याचे कारण हे आहे. जिवंतपणीही सर्वच हरणटोळ हिरवे नसतात. पिवळसर, करडे व तपकिरी नमुनेही आढळतात. रंगावरून जात ठरविणे दोन्ही बाजूंनी धोक्याचे आहे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवावयास हवी.

डोळ्याची रचना

बहुसंख्य सर्प गंधाच्या आधारे भक्ष्य शोधतात. लपलपणारी जीभ हवेतील व जमिनीवरील गंधकण टिपून टाळूतील विशिष्ट इंद्रियाकडे पोहोचविते. हरणटोळ मात्र दिवसा शिकार करणारा आणि मुख्यतः दृष्टीवर अवलंबून असणारा सर्प आहे. त्याच्या डोळ्याची बाहुली गोल किंवा उभी नसून आडवी असते आणि तिचा आकार किल्लीच्या भोकासारखा असतो. मधला भाग रुंद व पुढचा भाग नाकाच्या दिशेने अरुंद होत गेलेला असतो. डोळ्यापासून मुस्कटाच्या टोकाकडे प्रत्येक बाजूस एक उथळ पन्हळ गेलेली दिसते.

या दोन गोष्टींचा परस्परसंबंध गॉर्डन वॉल्स यांनी १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या पृष्ठवंशीय प्राण्यांच्या नेत्रांवरील ग्रंथात स्पष्ट केला. हरणटोळाच्या दृष्टिपटलावर अतितीक्ष्ण दृष्टीचा एक छोटा खळगा असतो. मनुष्याच्या डोळ्यातही असा खळगा असतो. परंतु सर्पांत तो अतिशय दुर्मिळ असून मोजक्याच वंशांत आढळला आहे. हरणटोळात हा खळगा दृष्टिपटलाच्या मध्यावर नसून मागील बाजूस, कानशिलाकडे सरकलेला असतो. अशा खळग्यावर समोरच्या वस्तूची प्रतिमा पडावयाची तर प्रकाशकिरण डोळ्यात अगदी पुढून, नाकाच्या बाजूने शिरावयास हवेत. बाहुलीचा पुढचा अरुंद फाटा त्यासाठीच आहे. आणि गालावरील पन्हळीमुळे त्या किरणांच्या वाटेत मुस्कटाचा अडथळा येत नाही. बंदुकीच्या नळीवरून नेम धरावा त्याप्रमाणे हा सर्प दोन्ही डोळ्यांनी एकाच वेळी आपल्या मुस्कटाच्या टोकापलीकडे पाहू शकतो. डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असलेल्या प्राण्यास अशी द्विनेत्री दृष्टी लाभणे ही असामान्य गोष्ट आहे. तिचा लाभ उघड आहे. अधांतरी झेप घेणाऱ्यास भक्ष्याचे अंतर अचूक कळले पाहिजे. जमिनीवरील शिकारी एकदा चुकला तर पुन्हा पाठलाग करू शकतो, पण डहाळीवरून निसटलेला सरडा खालच्या पाचोळ्यात कायमचा नाहीसा होतो.

भक्ष्यग्रहण आणि विष

हरणटोळाचे मुख्य भक्ष्य सरडे व बेडूक हे होय. लहान पक्षी, उंदरांसारखे सस्तन प्राणी आणि क्वचित इतर सर्पही तो खातो. याच वंशातील ब्रह्मदेशाच्या किनारी प्रदेशातील एक जात मासे खाऊन राहते. भक्ष्य दिसल्यावर हरणटोळ अत्यंत मंद गतीने पुढे सरकतो. सरकताना शरीराचा पुढील भाग वाऱ्याने हलणाऱ्या डहाळीप्रमाणे झुलतो. जीभ ताठ बाहेर काढून, ती न हलविता, बराच वेळ तशीच धरून ठेवण्याची लकबही त्याच्यात दिसते. लिओ फ्लाइशमन यांनी अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील वेलीसदृश सर्पांवरील १९८५ सालच्या निबंधात या झुलण्याचा वाऱ्याशी असलेला संबंध तपासला आणि ती स्वतःस लपविणारी हालचाल आहे असे प्रतिपादन केले. डोके झुलविल्याने जवळच्या व दूरच्या वस्तूंतील अंतराचा अंदाज अधिक चांगला येत असावा, असेही एक अनुमान आहे. ही दोन्ही कारणे एकमेकांस बाधक नाहीत.

झेप बहुधा भक्ष्याच्या मानेवर पडते. पकडलेले भक्ष्य हा सर्प जमिनीवर सोडून देत नाही. तो ते फांदीवरून उचलून हवेत अधांतरी धरतो, म्हणजे त्यास पाय रोवण्यास जागा राहत नाही. मग विषाचा परिणाम होईपर्यंत तो वाट पाहतो. त्याचे खाचदार विषदंत जबड्याच्या पुढील टोकास नसून बरेच मागे, डोळ्याच्या सुमारास असतात. म्हणून अशा सर्पांस पश्चदंती म्हणतात. विष डोळ्यामागील ड्युव्हेर्नॉय ग्रंथीत तयार होते आणि दंताच्या खाचेतून जखमेत झिरपते. सरड्यास ते पुरेसे असते. मनुष्यास दंश झाल्यास वेदना व थोडी सूज येते आणि ती काही काळाने ओसरते. हरणटोळास सौम्य विषारी म्हणतात ते याच अर्थाने.

या ठिकाणी एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. वेलीसारखे शरीर, लांब मुस्कट व निश्चल राहण्याची सवय यांनी युक्त असे सर्प जगाच्या इतर उष्ण प्रदेशांतही स्वतंत्रपणे उत्क्रांत झाले आहेत. अमेरिकेत ऑक्सिबेलिस, मादागास्करमध्ये लांगाहा आणि आफ्रिकेत थेलोटॉर्निस हे वंश याची उदाहरणे होत. यांपैकी थेलोटॉर्निस या वंशात तर किल्लीच्या भोकासारखी आडवी बाहुलीही आढळते. दोन खंडांतील, निकट नाते नसलेल्या दोन सर्पांत एवढे साम्य असणे हे समान परिस्थितीमुळे समान रचना उद्भवल्याचे ठळक उदाहरण आहे. परंतु साम्य येथेच संपते. थेलोटॉर्निसचे विष रक्त गोठण्याच्या क्रियेत बिघाड करते आणि ते प्राणघातक ठरू शकते. रॉबर्ट मेर्टेन्स या विख्यात जर्मन सर्पशास्त्रज्ञाचा १९७५ साली मृत्यू झाला तो याच वंशातील पाळीव सर्पाच्या दंशाने. समान आकृतीवरून समान स्वभावाचा किंवा समान विषाचा निष्कर्ष काढता येत नाही, हा धडा या घटनेतून मिळतो. हरणटोळाचे विष मनुष्यास सौम्य आहे हे आपण म्हणतो ते त्याच्या दंशाच्या प्रत्यक्ष नोंदींवरून. त्याच्या रूपावरून नव्हे.

प्रजनन

हरणटोळाच्या उपकुलात त्याचे दोन आप्त आपल्याकडे आढळतात. एक रुखई आणि दुसरा अंग चपटे करून झाडावरून तरंगत खाली येणारा उडता सोनसर्प. हे दोघेही अंडी घालतात. हरणटोळ मात्र पिल्लांस जन्म देतो. अंडी मादीच्या शरीरातच वाढतात आणि पूर्ण वाढ झालेली पिल्ले बाहेर पडतात. एका वेळच्या पिल्लांची संख्या तीन-चारांपासून वीसपर्यंत असू शकते. सदैव फांद्यांवर राहणाऱ्या मादीस अंडी घालण्यासाठी जमिनीवर जागा शोधत उतरावे लागत नाही, हा या पद्धतीचा एक लाभ मानता येईल. पिल्ले जन्मतःच बारीक, चपळ आणि झुडपात वावरण्यास समर्थ असतात.

प्रजननाच्या बाबतीत एक जुनी नोंद विशेष लक्षवेधी आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ऑगस्ट १८८५ पासून एकाकी ठेवलेल्या एका मादीने ऑगस्ट १८८८ मध्ये पिल्लांस जन्म दिला. तीन वर्षांत नराशी संबंध न येता हे घडले, याची संगती दोन प्रकारे लावली जाते. मादीने नराचे शुक्रजंतू दीर्घकाळ शरीरात साठवून ठेवले असावेत, हा पहिला प्रकार. दुसऱ्या मताप्रमाणे हे नराविना झालेले प्रजनन असावे. इतर काही सर्पांत असे प्रजनन जनुकीय चाचणीने सिद्ध झालेले आहे. त्या काळी अशी चाचणी उपलब्ध नव्हती. आज त्या नोंदीचा उपयोग करू पाहणाऱ्यास आणखी एक प्रश्न पडतो. ती मादी हरणटोळांपैकी कोणत्या जातीची? या प्रश्नाने आपण लेखाच्या मुख्य विषयाकडे येतो.

नामकरणाचा गुंता

लिनीअस यांनी १७५८ साली अहेटुल्ला हे सिंहली नाव सर्पांच्या शास्त्रीय नामावलीत आणले खरे, परंतु ते त्यांनी ज्या सर्पास दिले तो आजच्या अर्थाने हरणटोळ नव्हता.  येथून जो घोटाळा सुरू झाला तो जवळजवळ दोनशे वर्षे चालला. बूलेंजर यांच्या १८९० सालच्या ग्रंथात भारतीय हरणटोळ ड्रायोफिस मिक्टेरिझान्स या नावाने येतो. माल्कम स्मिथ यांच्या १९४३ सालच्या ग्रंथात त्याचे नाव ड्रायोफिस नासुटस असे होते आणि अहेटुल्ला हे वंशनाम तेथे रुखईच्या गटास दिलेले आढळते. १९५२ साली जे. एम. सॅव्हेज यांनी या गोंधळाचा इतिहास एका निबंधात साद्यंत मांडला. पुढे आंतरराष्ट्रीय प्राणिनाम आयोगाच्या निर्णयाने अहेटुल्ला हे नाव हरणटोळाच्या वंशासाठी निश्चित झाले, आणि आपला परिचित सर्प अहेटुल्ला नासुटा या नावाने ओळखला जाऊ लागला. मिक्टेरिझान्स हे जातिनाम आज आग्नेय आशियातील एका वेगळ्या जातीचे आहे. जुने ग्रंथ चाळणाऱ्या विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवले नाही, तर रुखईची माहिती हरणटोळाच्या व मलायातील सर्पाची माहिती कोकणातील सर्पाच्या नावावर जमा होण्याचा संभव असतो.

हा गुंता नावांचा होता. सर्प एकच आहे याविषयी कोणास शंका नव्हती. शंका निर्माण झाली ती एकविसाव्या शतकात, जनुकीय तुलनेची साधने हाती आल्यावर. २०१९ साली दक्षिणेतील अगस्त्यमलाई डोंगररांगांतून एका नव्या वंशाचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यास प्रोअहेटुल्ला अँटिक्वा असे नाव देण्यात आले. कंगोरेदार खवले असलेला हा सर्प हरणटोळांच्या शाखेपासून सुमारे २ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी विभक्त झाला असावा, असे अनुमान करण्यात आले. त्याच वर्षी ओडिशातून आणखी एका जातीचे वर्णन झाले आणि त्या सर्पाच्या 'लाउडंकिया' या तेथील लोकनामावरूनच तिचे शास्त्रीय नाव ठेवण्यात आले.

२०२० साली अशोककुमार मलिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी द्वीपकल्पीय भारतातील हरणटोळांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याने चित्र पूर्णपणे पालटले. पश्चिम घाटाच्या वेगवेगळ्या भागांतील नमुन्यांची जनुकीय व शारीरिक तुलना करून त्यांनी पाच नव्या जातींचे वर्णन केले आणि काही जुनी नावे पुन्हा प्रचारात आणली. या मांडणीनुसार अहेटुल्ला नासुटा ही जात केवळ श्रीलंकेपुरती मर्यादित ठरली. उत्तर पश्चिम घाटातील हरणटोळास अहेटुल्ला बोरिअलिस, म्हणजे 'उत्तरेकडील', हे नाव मिळाले. महाराष्ट्राच्या व गोव्याच्या घाट-जंगलांतील हरणटोळ तो हाच. मध्य घाटातील सर्प फार्न्सवर्थाय, तर दक्षिणेकडील दोन जाती मलबारिका व इझाबेलिना या नावांनी ओळखल्या जातात. यांपैकी इझाबेलिना हे नाव फ्रँक वॉल यांनी १९१० साली एका उपप्रकारास दिलेले होते. द्वीपकल्पाच्या मैदानी प्रदेशांतील अधिक लांब मुस्कटाच्या सर्पास टॉमस बेल यांनी १८२५ साली दिलेले ऑक्सिरिंका हे नाव पुन्हा लागू झाले. तपकिरी हरणटोळाच्या बाबतीतही असेच घडले. श्रीलंकेतील पुल्व्हेरुलेंटा या जातीहून पश्चिम घाटातील सर्प भिन्न ठरला आणि त्यास सह्याद्रेन्सिस हे नाव मिळाले.

जुन्या निरीक्षणांचे काय?

या पुनर्रचनेचा अर्थ केवळ नावे बदलणे एवढाच घेतला, तर तिचे महत्त्व निसटून जाईल. पिल्लांची संख्या, भक्ष्याचा प्रकार, जन्माचा हंगाम, लांबी, दंशाचे परिणाम यांविषयी पाठ्यपुस्तकांतून 'नासुटा'च्या नावे आजवर जे सांगितले गेले, ते अनेक जातींच्या नोंदींचे मिश्रण आहे. प्रस्तुत लेखात दिलेली सर्वसाधारण माहितीही त्याच मिश्रणातून आलेली आहे, हे प्रांजळपणे नमूद करावयास हवे. मैदानातील लांब मुस्कटाचा सर्प आणि घाटातील पावसाळी जंगलांचा सर्प यांचे भक्ष्य व प्रजनन एकसारखेच असेल असे गृहीत धरण्यास आता आधार राहिलेला नाही.

तथापि ही सारी जुनी सामग्री टाकाऊ ठरली असेही नाही. या जातींची वस्तिस्थाने बऱ्याच अंशी भौगोलिक दृष्ट्या विभक्त असल्यामुळे, ज्या नोंदीसोबत नेमके स्थळ लिहिलेले आहे ती आजही योग्य जातीच्या खाती घालता येते. मुंबईच्या निसर्गेतिहास सोसायटीची स्थापना १८८३ साली झाली. तिच्या नियतकालिकात व संग्रहात जमा झालेल्या नमुन्यांचे मोल आज वाढले आहे ते त्यांवरील चिठ्ठ्यांमुळे. ज्या संग्राहकाने गावाचे नाव, दिनांक व उंची लिहिली, त्याचे निरीक्षण त्याने वापरलेले जातिनाम कालबाह्य ठरल्यावरही टिकून राहिले. ज्याने केवळ 'दक्षिण भारत' असे लिहिले, त्याचे निरीक्षण कितीही सूक्ष्म असले तरी आज ते कोणत्याच जातीच्या नावावर निश्चितपणे ठेवता येत नाही. नमुन्याचा रंग मद्यार्कात उडून गेल्यावर तर चिठ्ठीवाचून दुसरा आधारच उरत नाही.

संरक्षणाच्या दृष्टीनेही या गोष्टीस महत्त्व आहे. श्रीलंकेपासून सह्याद्रीच्या उत्तर टोकापर्यंत पसरलेली एकच जात असे जोवर आपण मानीत होतो, तोवर तिच्या भवितव्याविषयी चिंता करण्याचे कारण दिसत नव्हते. एका ठिकाणचे जंगल तुटले तरी ती अन्यत्र विपुल आहेच, असा तर्क करता येत असे. आता प्रत्येक जातीचे क्षेत्र त्या मानाने लहान ठरले आहे. फांद्यांची सलगता तुटली की ज्याच्या संचारास बाधा येते अशा सर्पासाठी रस्ते, खाणी आणि तुटक होत गेलेली वने हा अधिक गंभीर प्रश्न होतो. त्यात डोळा फोडण्याच्या वा टाळू फोडण्याच्या प्रवादामुळे त्याची निष्कारण हत्या होते, ती वेगळीच.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी येथे कामाचे विस्तृत क्षेत्र आहे, आणि त्यातील पुष्कळसे काम महागड्या उपकरणांवाचून होण्यासारखे आहे. घाटमाथा उतरून पठाराकडे येताना बोरिअलिस कोठे संपतो व ऑक्सिरिंका कोठे सुरू होतो, दोघे एकत्र कोठे आढळतात, त्यांच्या पिल्लांचा जन्म कोणत्या महिन्यांत होतो, कोणत्या वनस्पतीवर व जमिनीपासून किती उंचीवर ते वावरतात, काय खातात, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर काळजीपूर्वक ठेवलेल्या नोंदवहीतून मिळू शकते. दिसलेल्या प्रत्येक सर्पाचे स्थळ, दिनांक, वेळ व उंची लिहावी. डोक्याचे एका बाजूने स्पष्ट छायाचित्र घ्यावे. मृत सर्प सापडल्यास तो चिठ्ठीसह संग्रहालयाच्या हवाली करावा. आणि जात निश्चित नसेल तेव्हा जातिनामाची जागा मोकळी सोडावी. मोकळी सोडलेली जागा पुढील अभ्यासकास भरता येते. चुकीने भरलेली जागा मात्र त्यास प्रथम खोडावी लागते, आणि ती चूक आहे हे त्याच्या ध्यानात यावयास कधीकधी शंभर वर्षे लागतात.